‘चालते आहे ना, मग हाड मोडलेले नाही’

इंदूरच्या रामबागेतील आमच्या आत्याच्या घरामागे एक लहानसे अंगण आहे. काळ्या दगडाची फरशी, मध्ये तुळशीवृंदावन आणि कोपऱ्यात पारिजातक ही मांडणी माझ्या लहानपणापासून तशीच आहे, आणि श्रावण लागला की त्या फरशीवर शेवाळाचा हिरवा पापुद्रा धरतो हेही तसेच आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी तुळशीला पाणी घालून वळताना आत्याचा पाय सरकला आणि ती सरळ बुडावर आपटली. तेव्हा ती 71 वर्षांची होती. वृंदावनाचा कठडा धरून ती स्वतःच उठली, दोन मिनिटे पायरीवर बसली आणि मग आत जाऊन तिने चहा टाकला. संध्याकाळी मी लोकमान्य नगरातून तिला पाहायला गेलो तेव्हा ती घरात हिंडत होती; कंबरेत जरा करक भरली आहे, एवढेच म्हणाली. शेजारच्या काकूंनी निर्वाळा दिला, ‘चालते आहे ना, मग हाड मोडलेले नाही.’ मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल मला आजही अपराधी वाटते, कारण बाराव्या दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये आत्याच्या कंबरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालेला दिसला.

मधल्या अकरा दिवसांत आम्ही घरोघरी करतात ते सगळे केले. पहिल्या रात्री आंबेहळद आणि तुरटीचा लेप झाला, दुसऱ्या दिवसापासून फडक्यात गुंडाळलेल्या तापल्या विटेचा शेक सुरू झाला, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी सुचवलेली मालीशवाली बाई येऊन आत्याला पालथे झोपवून, तिच्या कंबरेवर गुडघा टेकवून ‘नस मोकळी’ करून गेली. त्या रात्री आत्या झोपली नाही. तरीही आम्ही त्याचा अर्थ असा लावला की साचलेला मार आता बाहेर पडतो आहे. अंथरुणावर पडली की तिला जवळजवळ काही दुखत नसे, मात्र कूस बदलताना, उठून बसताना आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाच मिनिटे उभी राहिल्यावर तिचा जीव कासावीस होई. पडून आराम वाटतो म्हणजे स्नायूच लचकला असणार, असा आमचा तर्क होता. दबलेल्या मणक्याचे दुखणे नेमके असेच असते, हे आम्हाला नंतर कळले: धडाचे वजन मणक्यावर आले की तो ठणकतो आणि आडवे झाल्यावर वजन उतरले की शांत होतो.

माझी फसगत व्हायला आणखी एक कारण होते, आणि ते माझ्याच पाठीत होते. त्याच वर्षीच्या रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, पाहून, डोक्यापासून पायापर्यंत रंगलेल्या अवस्थेत परतताना मी आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावर तीन-चार पायऱ्या घसरलो आणि पाठीचा डावा भाग पायरीच्या कडेवर आपटला. तेव्हा माझे वय 54 होते. वेदना इतकी भयंकर होती की काही क्षण श्वास घेता येईना, आणि पाय हलवायची कल्पनाही सहन होईना. पुतण्याने आणि त्याच्या मित्राने मला उचलून स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवले आणि तसेच दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला जे प्रश्न विचारले ते मला त्या वेळी अगदीच अप्रस्तुत वाटले: लघवी झाली का, तिचा रंग कसा होता, बसण्याच्या जागी बधिर वाटते का, दोन्ही पायांना मुंग्या येतात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. एक्स-रे निर्मळ निघाला. तिसऱ्या दिवशी दुखणे शिगेला पोहोचले, मग उतरत गेले, आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा पूर्वीसारखा चालू लागलो. या अनुभवावरून मी असा समज करून घेतला की मोठ्या दुखण्यातूनही काही निघाले नाही, तर आत्याच्या लहानशा करकेतून काय निघणार?

एकाच वर्षात एकाच घरात घडलेली ही दोन पडणी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे कळते की पडल्यानंतर पाठ किती दुखते यावरून आत काय झाले आहे हे ठरवता येत नाही. आखडलेला स्नायू माणसाला किंचाळायला लावतो, कारण आजूबाजूचे सगळे स्नायू त्याच्या रक्षणासाठी दगडासारखे ताठ होतात. आणि ठिसूळ झालेले हाड मात्र ओल्या मातीच्या ढेकळासारखे फारसा आवाज न करता दबते. आपल्याकडे ज्याला ‘मुका मार’ म्हणतात त्या शब्दात हे शहाणपण आहेच, फक्त आपण त्याचा अर्थ उलटा घेतो. जखम नाही, रक्त नाही, म्हणजे मार हलका, असे आपण समजतो. खरे तर तो मुका आहे म्हणूनच त्याला प्रश्न विचारून बोलते करावे लागते.

पहिला प्रश्न जागेचा आहे, आणि इथे आपली भाषाच आपल्याला अडचणीत आणते. मराठीत ‘कंबर’ हा शब्द फार ऐसपैस आहे. मणक्याच्या खालच्या भागापासून खुब्यापर्यंत आणि कधी कधी माकडहाडापर्यंत सगळ्यालाच आपण कंबर म्हणतो, त्यामुळे ‘कंबर दुखते’ एवढ्यावरून काहीच उलगडत नाही. डॉक्टरांनी आत्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगितले, तेव्हा तिचे बोट थेट पाठीच्या मधोमध, कण्याच्या उंचवट्यावर गेले. तिथे त्यांनी बोटांनी हलकेच ठोकताच ती दचकली. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागात पसरलेले दुखणे बहुधा स्नायूंचे असते, पण मधोमध, हाडावर एकाच ठिकाणी ठोकल्यावर उठणारी कळ मणक्याकडे बोट दाखवते. दुखणे जांघेत असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला असेल आणि दुसऱ्या पायापेक्षा आखूड वाटत असेल, तर प्रश्न पाठीचा नसून खुब्याच्या हाडाचा आहे, आणि अशा माणसाला उभे करून पाहण्याचाही प्रयत्न करू नये. पडल्यानंतर बसताच येत नसेल, पण उभे राहिल्यावर बरे वाटत असेल, तर ते माकडहाड असण्याची शक्यता अधिक. ते त्रासदायक आणि चिवट असते, पण त्यातून धोका क्वचितच उद्भवतो. बरगड्यांच्या खाली, बाजूला मार बसून लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली, तर मूत्रपिंडाला दुखापत झाली असण्याची शक्यता असते, आणि रंगाचा तो प्रश्न मला रंगपंचमीच्या दिवशी का विचारला होता हे मला तेव्हा उमगले. त्या दिवशी माझे सर्वांगच लाल होते, ही गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न माणसाचा आहे: पडले कोण? पंचविशीतला मुलगा आणि सत्तरीतली बाई एकाच फरशीवर एकाच प्रकारे पडले तरी ती दोन वेगळी पडणी असतात. पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांतील घनता झपाट्याने कमी होते, आणि त्या हाडाला मोडायला उंचावरून पडण्याची गरज नसते. भरलेली बादली उचलताना, वाकून पेटी ओढताना, अगदी जोराची शिंक येतानाही मणका दबल्याची उदाहरणे असतात. आत्याला दम्यासाठी वर्षातून कितीदा तरी स्टिरॉइडच्या गोळ्या मिळत असत, आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ अशा गोळ्या पोटात गेल्या तर हाडे पोकळ होऊ लागतात, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. आणखी एक खूण तर वर्षभर आमच्या डोळ्यांसमोर होती. तिची साडी खाली लोळू लागली होती. ती वैतागून म्हणायची की हल्ली साड्यांची रुंदीच वाढवली आहे मेल्यांनी, आणि आम्ही हसायचो. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटरच्या आसपास उंची घटली असेल तर आधीच एखादा मणका गुपचूप दबला असण्याची शंका घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. आत्याच्या एक्स-रेमध्ये पाठीच्या मधल्या भागातला एक जुना दबलेला मणकाही दिसला, आणि तो केव्हा दबला हे तिलाही सांगता आले नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस पडला, तर दुखणे सौम्य असले तरी त्याच दिवशी दाखवणे योग्य, कारण आत झिरपणारे रक्त हळूहळू साठते आणि त्रास काही तासांनी उघड होतो. ज्याला पूर्वी कर्करोग झालेला आहे, ज्याला ताप येतो आहे, ज्याचे वजन कारण नसताना उतरते आहे किंवा ज्याला क्षयरोग होऊन गेला आहे, अशा माणसाच्या पाठीचे दुखणे पडण्याच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. पडणे हे तिथे निमित्त असते. हाड आधीच पोखरलेले असू शकते.

तिसरा प्रश्न पडण्याचा. किती उंचीवरून, कशावर आणि शरीराच्या कोणत्या भागावर? मानेच्या दुखापतीसाठी कॅनडातील डॉक्टरांनी 2001 साली एक नियम प्रसिद्ध केला, त्यात वय 65 किंवा त्याहून अधिक असणे, 3 फूट किंवा 5 पायऱ्यांएवढ्या उंचीवरून पडणे, आणि हातापायांना मुंग्या येणे, यांपैकी एक गोष्ट जरी असली तरी मानेचा एक्स-रे काढावाच, असे सांगितले आहे. तो नियम मानेचा आहे, पाठीचा नाही. पण 3 फूट म्हणजे किती कमी उंची आहे, हे पाहून मी चकित झालो. आपल्याकडे माळ्यावरून फराळाचे डबे काढायला ज्या स्टुलावर चढतात ते साधारण तेवढेच असते.

बुडावर किंवा पायांवर आपटलो की आघात सरळ वर कण्यात चढतो. छातीचे 12 मणके बरगड्यांच्या पिंजऱ्याने जखडलेले असतात आणि कंबरेचे 5 मणके मोकळे, वाकणारे असतात; जिथे ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो त्या सांध्यावर सगळा ताण एकवटतो, आणि म्हणून पडल्यावर मोडणारे मणके बहुधा छातीच्या शेवटच्या आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांपैकी असतात. आत्याचा मणका त्याच ठिकाणचा. आणि गंमत म्हणजे, प्रौढ माणसाचा मज्जारज्जू संपतो तोही साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच. त्याच्या खाली मज्जातंतूंचा जुडगा लोंबत असतो, आणि जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘कॉडा इक्विना’ असेच नाव पडले.

या शेपटीवर दाब आला तर काय होते हे प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला माहीत असावे, असे मला वाटते, कारण घाई करण्यासारखी खरी जागा हीच आहे. घोड्यावर बसल्यावर खोगिराला शरीराचा जो भाग टेकतो तो, म्हणजे मांड्यांचा आतला भाग, गुद आणि जननेंद्रियाभोवतीची जागा, बधिर होते. लघवी लागलेली कळत नाही, किंवा लागते पण होत नाही, किंवा नकळत होऊन जाते. शौचावरचा ताबा जातो. दोन्ही पायांत अशक्तपणा येतो, चप्पल पायातून निसटते, पाऊल उचलताना अंगठा जमिनीला घासतो. यांतले काहीही पडल्यानंतर दिसले, तर सकाळ होण्याची, ओळखीचे डॉक्टर येण्याची किंवा पुण्याहून मुलगा पोहोचण्याची वाट न पाहता जिथे एम.आर.आय. आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होते अशा मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. हा दाब शक्य तितक्या लवकर, साधारणपणे 48 तासांच्या आत, काढावा असा सर्जनांचा प्रयत्न असतो. त्यानंतर मूत्राशयाचा गेलेला ताबा परत येईलच याची शाश्वती राहत नाही.

अडचण अशी आहे की याच गोष्टी आपली माणसे बोलत नाहीत. आत्याला डॉक्टरांनी विचारले, ‘माताजी, पेशाब ठीक से हो रही है?’ आणि आत्याने माझ्याकडे पाहिले. मी तिचा भाचा. तिने मला लहानपणी न्हाऊमाखू घातलेले, तरीही ती माझ्यासमोर बोलेना. मी पाण्याची बाटली आणण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो, आणि परत आलो तेव्हा डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिले होते की लघवी व्यवस्थित आहे, परंतु चार दिवस शौचाला झालेली नाही आणि पोट फुगले आहे. मणका मोडल्यावर पोटाच्या मागच्या भागात सूज येऊन आतडी मंदावू शकतात, हे त्यांनी मला समजावले. चार दिवस ती जेवत नव्हती, त्याचे कारण आम्ही वेदनाशामक गोळ्यांनी झालेले पित्त असे ठरवून टाकले होते. घरात कुणी पडले तर हा प्रश्न त्या माणसाला कोणी विचारायचा, हे आधी ठरवलेले बरे. बाईला बाईने, एकांतात, आणि ‘सगळे ठीक आहे ना’ असे मोघम न विचारता सरळ शब्दांत विचारावे; कारण ‘ठीक आहे ना’ या प्रश्नाला आपल्या घरांत ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर दिले जात नाही.

आता स्कूटरबद्दल. रंगपंचमीच्या दिवशी मला ज्या रीतीने नेले ती रीत आमच्या शहरात इतकी सर्रास आहे की तिच्यात काही चुकीचे आहे हे कुणाला सुचतही नाही. माझा मणका खरोखर मोडलेला असता, तर रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकाने त्याचा निकाल लावला असता. हे मला पुरते समजले ते त्याच वर्षी दिवाळीच्या आधी. आमच्या शेजारी रंगकाम चालू होते आणि रंग देणारा विशीतला मुलगा घोडीवरून, आठ-नऊ फुटांवरून, सिमेंटच्या ओट्यावर दोन्ही पायांवर पडला. आम्ही धावलो तेव्हा तो उजवी टाच धरून बसला होता आणि एकसारखे सांगत होता, ‘कुछ नहीं बाबूजी, बस एड़ी में लगी है.’ त्याचे दोन साथीदार त्याला बगलेत धरून उचलणार तोच आत्याच्या प्रकरणाने शहाणा झालेला मी मध्ये पडलो. आम्ही त्याला तिथेच आडवे केले, डोके आणि मान हलू नये म्हणून एकाने दोन्ही बाजूंनी हाताने धरून ठेवले, आणि 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत त्याला पाणी द्यावे की नाही यावर जमलेल्या मंडळींत वाद झाला. मी देऊ दिले नाही, कारण शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. एका आजोबांनी मला निर्दय ठरवले.

रुग्णवाहिकेतल्या माणसांनी त्याला ज्या पद्धतीने फळीवर घेतले ते पाहण्यासारखे होते. तिघांनी मिळून, एकाने आकडे मोजत, डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, जणू लाकडाचा ओंडका लोळवावा तसे एका कुशीवर वळवले आणि खाली फळी सरकवली. कण्याला कुठेही पीळ पडला नाही. रुग्णालयात त्याच्या टाचेचे हाड मोडलेले निघाले, आणि पाठीची तक्रार त्याने एकदाही केलेली नसताना डॉक्टरांनी कंबरेचाही एक्स-रे काढला, तेव्हा तिथेही एक मणका मोडलेला सापडला. उंचावरून पायांवर पडून टाच मोडली असेल तर तोच आघात वर कण्यातही गेलेला असतो, म्हणून टाचेच्या रुग्णाची पाठ तपासण्याची पद्धत आहे. आणि टाचेची कळ इतकी तीव्र असते की पाठीची वेदना तिच्याआड लपून जाते. दारू प्यालेला, डोक्याला मार लागून भांबावलेला, किंवा दुसरीकडे मोठी दुखापत झालेला माणूस ‘पाठ दुखत नाही’ असे म्हणाला, तर त्यावर विसंबता येत नाही, ते याच कारणाने.

हे सगळे वाचून प्रत्येक घसरण्यानंतर रुग्णालयात धाव घ्यावी, असे मला सुचवायचे नाही. वय फार नाही, उंची फार नाही, पायांत ताकद आणि संवेदना शाबूत आहेत, लघवी नेहमीसारखी आहे, कण्याच्या मधोमध कळ नाही, आणि दुखणे हालचालीबरोबर कमीजास्त होते, अशा वेळी घरी थांबायला हरकत नसते. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, शेक त्यानंतर. मालीश ताज्या दुखण्यावर नको, आणि ‘कडकन आवाज’ काढून मणका बसवणाऱ्यांच्या हाती तर पडलेला माणूस तपासणीआधी मुळीच देऊ नये. आमच्या आजीच्या काळी पाठीत उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत. त्यातल्या हलक्या स्पर्शाने कुणाचे नुकसान झाले नसेल, पण उत्साही पायाळूंच्या लाथाही मी पाहिल्या आहेत.

अंथरुणाला खिळून राहणे हाही उपाय नाही. 1986 साली अमेरिकेत 203 रुग्णांवर केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले, तेव्हा दोन दिवसवाले सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले आणि कामावर मात्र लवकर परतले. त्या रुग्णांत पायांतील ताकद गेलेली माणसे नव्हती, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वापरायचा. साधे लचकणे पहिल्या आठवड्यात उताराला लागते आणि चार ते सहा आठवड्यांत बहुधा निवळते. म्हणून मी घरच्यांना आता एक हिशेब सांगतो: दुखणे रोज थोडे तरी उतरते आहे का? आठवडा उलटूनही ते जिथल्या तिथे असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, उतरता उतरता पुन्हा वाढले असेल किंवा पायात खाली उतरू लागले असेल, तर लेप पुरे झाले. आणि दिवसामागून दिवस वेदनाशामक गोळ्या खाऊन दुखणे दाबणे तर घातकच. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धांना त्यांतल्या बऱ्याच गोळ्या सोसत नाहीत, आणि औषधांच्या दुकानातल्या मुलाला हे ठाऊक असेलच असे नाही.

तपासणीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताज्या दबलेल्या मणक्याचा पहिला एक्स-रे कधी कधी निर्दोष दिसतो, कारण हाड अजून पुरते खचलेले नसते. त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा तक्रार टिकली तर पुन्हा जाऊन सी.टी. किंवा एम.आर.आय. लागेल का हे विचारावे. सी.टी. हाडाचा तडा स्वच्छ दाखवते, एम.आर.आय. मज्जातंतूंवरचा दाब तर दाखवतेच, शिवाय मोड ताजी की जुनी हेही सांगते. आत्याचा खालचा मणका ताजा आणि वरचा जुना, हे त्यातूनच ठरले. डॉक्टरांनी तिला टाचांवर आणि चवड्यांवर चार पावले चालायला लावले, पायाचा अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर उचलायला लावला, आणि हे सगळे तिला जमले, म्हणून शस्त्रक्रियेचा विषय तिथेच मिटला.

पुढचे तीन महिने तिने पट्टा बांधला, वाकणे आणि वजन उचलणे बंद केले, पण चालणे पहिल्या आठवड्यापासूनच सुरू ठेवले. हाडांच्या घनतेची तपासणी केली तेव्हा आकडा उणे 3.1 निघाला, जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली घालून दिलेल्या व्याख्येप्रमाणे उणे 2.5 किंवा त्याखाली गेले की हाडे ठिसूळ झाली असे मानतात. त्यावर औषध सुरू झाले, ड जीवनसत्त्व सुरू झाले, दम्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी पंपावर भर दिला. अंगणातली फरशी ब्लीचिंग पावडर टाकून खरवडून घेतली आणि न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवली. ती दांडी बसवायला मला आत्याशी महिनाभर भांडावे लागले, कारण ‘दांडी म्हातारे लोक लावतात’ असे तिचे म्हणणे होते.

गेल्या आषाढात ती पुन्हा घसरली, या वेळी देवघराच्या उंबऱ्यावर. मला फोन आला तो तिचाच. आवाज नेहमीसारखा होता. ‘ऐक,’ ती म्हणाली, ‘पाय दोन्ही हलतात, अंगठे वर उचलून पाहिले. लघवीला जाऊन आले, लाल नाही. बधिर कुठे नाही, तेही पाहिले. पण मधोमध, मागच्या वेळच्या जागेच्या जरा वर, बोट लावले की दुखते आहे. तेव्हा एक्स-रे काढायचाच आहे, हे मला ठाऊक आहे. तू व्याख्यान देऊ नकोस. गाडी घेऊन ये, स्कूटर आणू नकोस, आणि येताना सूनबाईला बरोबर आण.’ मी आणि माझी पत्नी अर्ध्या तासात पोहोचलो. एक्स-रेमध्ये नवीन काही निघाले नाही, आठवड्याने दुखणेही गेले, आणि त्या एक्स-रेचे पैसे फुकट गेले, अशी तक्रार आत्या अजून करते.